आधी अंतर मोजा, मग वॅट

स्पीकर घ्यायला दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारतात आणि लगोलग दुसरा प्रश्न येतो, 'किती वॅटचा दाखवू?' मग बेसचं कौतुक, रंगीत दिव्यांचं कौतुक, पाण्यात पडला तरी काही होत नाही याचं कौतुक आणि शेवटी ईएमआय. ऑनलाइन खरेदीतही क्रम हाच, फक्त कौतुक करणारे अनोळखी. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: ऐकणारा माणूस स्पीकरपासून किती लांब बसणार आहे? माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा. त्याचं उत्तर मिळालं की वॅट, आकार, बॅटरी आणि किंमत यांची निम्मी उत्तरं आपोआप हाती येतात. हातात धरून कुठंही नेता येणारा बिनवायरचा स्पीकर मुळात कानाजवळ आणून ठेवण्यासाठी आहे. भिंतीतल्या प्लगपासून त्याची सुटका केली ती त्यासाठीच. आपण मात्र तो घरी आणतो, टीव्हीखालच्या युनिटवर ठेवतो, वर्षभर तिथून हलवत नाही आणि स्वयंपाकघरात नीट ऐकू येत नाही म्हणून पुढच्या वेळी त्याहून मोठा घेतो. ब्लूटूथचा दहा-एक मीटरचा पल्ला फोन आणि स्पीकर यांच्यामधला आहे, स्पीकर आणि कान यांच्यामधला नव्हे. फोन खुशाल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला राहू दे, स्पीकर जवळ हवा.

वॅटचा आकडा आपण समजतो ते सांगत नाही. ॲम्प्लिफायर स्पीकरला किती वीज पुरवू शकतो, एवढंच त्यातून कळतं. त्या विजेचा आवाज किती होणार हे स्पीकरच्या बनावटीवर ठरतं आणि ती माहिती खोक्यावर क्वचितच असते, त्यामुळे 20 वॅटचे दोन स्पीकर शेजारी शेजारी लावले तर एक सहज दुसऱ्याला झाकून टाकू शकतो. शिवाय कानाचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. वीज दुप्पट केली की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजेच दहापट वीज. आता दुसऱ्या बाजूने पाहा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की थेट 6 डेसिबल पदरात पडतात. चार मीटरवरचा स्पीकर उचलून दोन मीटरवर आणणं आणि 10 वॅटच्या जागी 40 वॅटचा घेणं, कानाला दोन्ही सारखंच. एक मीटरवर आणला तर तो 160 वॅटच्या बरोबरीचा होतो. एका उपायाला काही हजार रुपये लागतात, दुसऱ्याला चार पावलं. वॅटचा आकडा फुगवण्याची खोड या बाजाराला नवी नाही. ज्यांनी टेपरेकॉर्डरचा आणि पुढे कॉम्प्युटर स्पीकरचा काळ पाहिला आहे त्यांना खोक्यांवरचं 'पीएमपीओ' हे अक्षरचतुष्टय आठवत असेल. तळहाताएवढ्या स्पीकरवर शेकडो वॅट छापलेले असायचे आणि ते मोजायचे कसे याचं कोणतंही प्रमाण नव्हतं. आज निदान 'आरएमएस', म्हणजे सतत पुरवता येणारे वॅट लिहिण्याची रीत आहे, पण दोन-चार वॅटच्या फरकासाठी जास्तीचे हजार रुपये मोजणारं गिऱ्हाईक अजून तेच आहे.

यावर एखादा ध्वनितज्ज्ञ म्हणेल की अंतर निम्मं तर 6 डेसिबल हा नियम मोकळ्या मैदानातला, बंद खोलीत आवाज भिंतींवरून परत येतो, त्यामुळे लांब गेलं तरी तो तितका कमी होत नाही. हे अगदी बरोबर आहे आणि नेमकं इथंच जवळ बसण्याचं कारण आणखी पक्कं होतं. आपली घरं बघा: खाली टाइल्स, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, सरकत्या काचेच्या खिडक्या, पडदे पातळ, गालिचा नाहीच. अशा खोलीत स्पीकरमधून निघालेला आवाज कानापर्यंत एकदा सरळ येतो आणि मग भिंती, फरशी, छत यांवर आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो. स्पीकरपासून दूर जाताना एक टप्पा असा लागतो की तिथून पुढे सरळ आलेल्या आवाजापेक्षा आपटून आलेला आवाज वरचढ ठरतो. साध्या आकाराच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत हा टप्पा बहुधा एका मीटरच्या आतच असतो. त्यापलीकडे बसलेल्या माणसाला आवाज मोठा मिळतो, पण शब्द एकमेकांत मिसळलेले मिळतात. तान ऐकू येते, तिच्यातले दाणे सुटे होत नाहीत. आवाज वाढवल्याने हे सुधारत नाही, कारण बटण दाबल्यावर भिंतींवरून परत येणारा आवाजही त्याच प्रमाणात वाढतो.

याचा सर्वांत मोठा फटका घरातल्या वयस्कर माणसांना बसतो आणि त्यांच्यासाठी घेतलेले स्पीकरच बहुतेक वेळा चुकीच्या कसोटीवर घेतलेले असतात. वय वाढतं तशी आधी वरच्या पट्टीतल्या ध्वनींची जाण कमी होते. भाषेत स, श, च, त, थ ही व्यंजनं बऱ्याच अंशी त्याच पट्ट्यात राहतात, तर स्वरांचा जोर खालच्या पट्ट्यात असतो. म्हणून आजोबा म्हणतात, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' या तक्रारीवर घरातले लोक मोठ्या बेसचा स्पीकर आणतात, म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच वाढवून देतात. प्रवचन, कीर्तन, आकाशवाणीच्या बातम्या, नाट्यसंगीत हे ज्यांचं रोजचं ऐकणं आहे त्यांना बेताच्या आकाराचा, मधला पट्टा स्वच्छ असलेला स्पीकर खुर्चीच्या हाताशी, तोंड कानाकडे करून ठेवला तर जे मिळेल ते मोठ्या ढोलाने मिळणार नाही. तोंड कानाकडे, हे सहज सांगून सोडण्याजोगं नाही. वरच्या पट्टीतले ध्वनी टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. खालच्या टीपॉयवर ठेवलेला स्पीकर व्यंजनं गुडघ्यांना ऐकवत असतो. 'चहूबाजूंनी आवाज' अशी जाहिरात असलेले गोल स्पीकर अंगणात, मधोमध ठेवून, भोवती माणसं बसणार असतील तर ठीक. खोलीत ते भिंतींनाच जास्त वाजवून दाखवतात.

सार्वजनिक ठिकाणी आवाज पोचवणाऱ्या लोकांनी हे गणित केव्हाच सोडवलं आहे. रेल्वेच्या फलाटावर एका टोकाला एकच प्रचंड भोंगा लावलेला नसतो. फलाटभर ठरावीक अंतरावर लहान लहान स्पीकर असतात आणि प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा सांभाळायचा असतो. घोषणा तरीही कळत नाही ती अनेकदा वरच्या पत्र्यामुळे, गाडीच्या गोंगाटामुळे आणि सांगणाऱ्याच्या घाईमुळे, पण तो वेगळा विषय. घरातही हाच मार्ग शहाणपणाचा आहे. बारा हजारांचा एक घेण्याऐवजी चार-चार हजारांचे दोन घेतले, एक स्वयंपाकघरात आणि एक बैठकीत ठेवला, तर पैसे वाचतात आणि दोन्हीकडे कमी आवाजात नीट ऐकू येतं. एकाच कंपनीचे, एकमेकांशी जोडता येणारे घेतले तर संध्याकाळी दोन्ही एका खोलीत आणून खरा स्टीरिओही मिळतो. एकाच खोक्यातल्या दोन स्पीकरमध्ये वीतभर अंतर असतं, त्यामुळे डावं-उजवं हा भेद जरा मागे सरकलं की मिटून जातो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मोठा स्पीकर लोक नुसत्या मोठ्या आवाजासाठी घेत नाहीत. त्यात खर्ज असतो, भरीवपणा असतो, तो लहानात येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागे-पुढे हलावं लागतं. पेल्याच्या तोंडाएवढ्या पडद्याला ते एका मर्यादेपलीकडे जमतच नाही, मग वॅट कितीही ओता. पुरुष गायकाने काळी एक ही पट्टी घेतली तर त्याचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. मुठीत मावणारे स्पीकर साधारण 90 ते 110 हर्ट्झच्या खाली फारसं काही काढत नाहीत. तरीही आपल्याला खर्ज ऐकल्यासारखा वाटतो, कारण त्या तारेतून निघणारे वरचे स्वरांश कानाला मिळतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. तानपुऱ्याच्या जवारीमुळे तर या स्वरांशांची रेलचेल असते. सी. व्ही. रामन यांनी 1920च्या सुमारास तंतुवाद्यांचा आणि मृदंग-तबल्याचा जो अभ्यास केला तो याच स्वरांशांचा होता. म्हणजे लहान स्पीकरवर सूर कळतो, स्वराचं नाव कळतं, वजन मात्र मिळत नाही. डग्ग्यावरचा घिस्सा आणि पखवाजाची थाप यांत तर ते उणेपण लपत नाही.

मग काय करायचं? ज्यांचं ऐकणं मुख्यतः तालवाद्यांचं, वाद्यवृंदाचं किंवा आजच्या सिनेसंगीताचं आहे त्यांनी एक आकार वरचा, पाण्याच्या लिटरच्या बाटलीएवढा किंवा थोडा मोठा स्पीकर जरूर घ्यावा. पण तो स्वराच्या खोलीसाठी घ्यावा, दणक्यासाठी नव्हे, आणि घेतल्यावरही जवळच ठेवावा. खोक्यावर वॅटऐवजी खालच्या टोकाचा हर्ट्झचा आकडा बघावा. 60 लिहिलं असेल तर 90पेक्षा बरं, मात्र तो किती डेसिबलच्या घटीसह मोजला आहे हे दिलेलं नसेल तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. थोडा बेस फुकटही मिळतो. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला की खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात ठेवला की आणखी. अति झालं तर ते घुमायला लागतात, मग वीतभर पुढे ओढायचा. प्लायवूडच्या पोकळ कपाटावर ठेवलेला चांगला स्पीकरही खर्ज लागला की कपाटालाच गायला लावतो. तोच ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला की आवाज एकदम सुधारतो आणि त्याचं श्रेय मग कंपनीला मिळतं.

याला जोडूनच असं म्हटलं जातं की कमी आवाजात बेस हरवतो, म्हणून आवाज वाढवावाच लागतो. कानाचा हा स्वभाव खराच आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली त्याचे आलेखही मांडले: आवाजाची पातळी खाली आली की खालचे स्वर कानाला अधिक वेगाने फिके लागतात. पण इथं पातळी कुठली? कानापाशी असलेली. स्पीकर जवळ आणला की कानापाशी तीच पातळी राहते आणि स्पीकरवरचं बटण मात्र खाली येतं. फरक पडतो तो शेजाऱ्याला. बिल्डिंगच्या भिंती वरचे स्वर बऱ्यापैकी अडवतात, खालचे स्वर त्यांतून आरपार जातात. म्हणून शेजारच्या घरातलं गाणं आपल्याला कधी ऐकू येत नाही, धप् धप् तेवढी येते. ध्वनिप्रदूषण नियम 2000नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. 2010 सालच्या दुरुस्तीने खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक जाऊ नये असंही सांगितलं आहे. हा नियम मोडला म्हणून सोसायटीतल्या घरात कुणी मीटर घेऊन येणार नाही हे उघड आहे. तरी स्पीकर आपल्यापासून किती लांब हवा, याचं उत्तर देताना शेजाऱ्याची भिंतही हिशेबात धरायला हरकत नसावी. गडकिल्ल्यांवर पाठीला स्पीकर लटकवून चढणाऱ्यांविषयी वेगळं लिहायची गरज नाही. तिथं कानापासूनचं अंतर शून्य असतं आणि डोंगरभर लोकांना तरी ऐकावं लागतं. 2023 साली मुंबईच्या 'बेस्ट'ने बसमध्ये इअरफोनशिवाय फोनवर गाणी-व्हिडिओ लावायला मनाई केली, ती असल्याच हट्टामुळे.

बॅटरीचा मुद्दा वेगळा वाटतो, पण तोही याच हिशेबात बसतो. 'बारा तास चालतो' हा दावा बेताच्या आवाजावर मोजलेला असतो. पूर्ण आवाजावर तोच स्पीकर निम्म्याहून कमी वेळात मान टाकू शकतो. जवळ ठेवून हळू वाजवणाऱ्याचे चार्जिंगचे फेरे कमी होतात, आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य फेऱ्यांत मोजलं जातं. काही शे फेऱ्यांनंतर तिची साठवण घटते आणि बहुतेक स्पीकरमध्ये ती आत अशी चिकटवलेली असते की बदलण्याऐवजी नवाच घ्या असं दुकानदार सुचवतो. युरोपीय संघाच्या 2023च्या बॅटरी कायद्याने 18 फेब्रुवारी 2027पासून, मोजके अपवाद सोडून, अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येतील अशा बसवणं बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे तसं होईपर्यंत 'बॅटरी बदलून मिळते का, कितीला?' हे खरेदीच्या वेळी विचारायला काही पडत नाही. पाण्याबद्दल थोडक्यात: आयपी 67मधला 6 धुळीचा आणि 7 पाण्याचा, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स 7मध्ये धुळीची चाचणीच दिलेली नसते. ही चाचणी गोड्या पाण्याची आहे, तेव्हा अलिबाग-मालवणच्या वाळूत नेलेला स्पीकर घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच चार्जिंगला लावावा.

दुकानात ऐकताना मात्र थोडा वेळ काढावा. दुकानदाराचं ठरलेलं गाणं असतं, स्पीकरची बलस्थानं दाखवणारं. ते ऐकून घ्यावं आणि आपला फोन जोडावा. आधी बातम्या किंवा मुलाखत, म्हणजे नुसता बोलण्याचा आवाज, अगदी हळू लावून हातभर अंतरावरून ऐकावी: माणूस डब्यातून बोलतोय असं वाटतंय का, 'स' शिट्टीसारखा टोचतोय का? मग तानपुरा आणि गळा असलेलं काही, विलंबितात. शेवटी आपल्याला आवडतं ते दणदणीत गाणं लावून आवाज हळूहळू वाढवत न्यावा. बरेच छोटे स्पीकर एका टप्प्यानंतर स्वतःला सांभाळण्यासाठी बेस आपणहून कापतात. तो टप्पा कानाला कळतो, गाणं अचानक पोकळ होतं. तो टप्पा बटणाच्या निम्म्यावरच आला तर खोक्यावर वॅट कितीही असोत, पुढचा बघावा.

मग सरळ इअरफोनच का नकोत, त्याहून जवळ काय? एकट्याने, प्रवासात, रात्री ऐकायचं असेल तर तेच योग्य. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास आणि 80 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते, आणि कानात बसवलेलं यंत्र ती केव्हा ओलांडतं हे कळत नाही. शिवाय कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, बेल ऐकायची असते, मधेच कुणीतरी हाक मारणार असतं. घरातलं ऐकणं हे असं, कामासोबतचं आणि दोघा-तिघांनी मिळून केलेलं ऐकणं आहे, त्यासाठी कान मोकळे लागतात.

राहता राहिला गच्चीवरच्या वाढदिवसाचा, सोसायटीच्या कोजागरीचा, गणपतीच्या कार्यक्रमांचा प्रश्न. 'एकदाच काय तो मोठा घेऊन टाकू, सगळीकडे चालेल,' हा युक्तिवाद बहुतेक घरांत जिंकतो आणि चाकांचा, हँडलचा, माइक जोडलेला स्पीकर येतो. तीनशे साठ दिवस तो दिवाणाखाली असतो, त्याची न वापरलेली बॅटरी तिथंच खराब होते, आणि रोजच्या ऐकण्यासाठी घरात काहीच उरत नाही. शंभर माणसांपर्यंत आवाज पोचवणं हे वेगळ्या यंत्राचं काम आहे आणि ते यंत्र गावोगावच्या साउंडवाल्याकडे भाड्याने मिळतं. तो ते टेम्पोत घालून आणतो, जोडून देतो, दहाच्या आत बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जातो.